कशावरून? : १६६० सालचा मावळा अंगावर चढवताना

पहिल्या वर्षी मी मखमली अंगरखा घातला होता. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलेला. जांभळा, छातीवर टिकल्यांची नक्षी, पाठीला चेन. डोक्यावर मोत्यांच्या सरी लावलेली तयार पगडी, कमरेला चकचकीत स्टेनलेस स्टीलची तलवार. जमलेल्या शाळकरी पोरांना मी सांगत होतो की मी बांदलांकडचा, म्हणजे बाजीप्रभूंबरोबर लढलेल्या बांदल देशमुखांकडचा, साधा मावळा. गर्दीतून पिकल्या मिशांचे एक गृहस्थ पुढे आले, माझी बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि एवढंच विचारलं, "कशावरून?"

मला वाटलं, मी बांदलांचा कशावरून असं विचारताहेत. ते बाहीबद्दल विचारत होते.

लढाईचा प्रसंग उभा करण्याचा छंद, ज्याला बाहेर रिएनॅक्टमेंट म्हणतात, तो आपल्याकडे आता बऱ्यापैकी रुजतोय. शिवजयंती, राज्याभिषेकदिन, पन्हाळा ते पावनखिंड मोहीम, गावोगावचे मर्दानी खेळ. हौस भरपूर आहे, अंगात रगही आहे. कमी पडतो तो हा एक प्रश्न. अंगावरच्या प्रत्येक वस्तूला "कशावरून?" विचारायचं आणि उत्तर नसेल तर ती वस्तू घरी ठेवायची. या लेखात मी एकच प्रसंग घेऊन ते कसं करायचं हे सांगतो: जुलै १६६० ची रात्र, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेला पायदळातला एक गडी.

आधी तारीख ठरवा, मग कापड

"शिवकालीन मावळा" असा कोणी माणूस नसतो. १६३० ते १६८० ही पन्नास वर्षं. आजच्या आणि १९७५ च्या लग्नाच्या फोटोंत कपड्यांचा जेवढा फरक दिसतो, तेवढा त्या काळात पडत नसेल. पण पडत होता. म्हणून वर्ष, ठिकाण आणि माणूस या तीन गोष्टी कागदावर लिहा. माणूस शक्यतो गरीब निवडा. सरदार उभा करायचा तर रेशीम, जडावाची कट्यार, घोडा, घोड्याचं सामान, सोबत चार हुजरे, हे सगळं लागतं, आणि त्यातली एक वस्तू खोटी निघाली की बाकीची उघडी पडतात. साध्या गड्याला लागतं जाडंभरडं कापड, घोंगडी, एक हत्यार आणि झिजलेलं पायताण. खर्चही कमी, चुकायला जागाही कमी.

तारीख ठरली की अर्धे निर्णय आपोआप होतात. १६६० म्हटलं की तुमच्या तोंडी "छत्रपती" येऊ शकत नाही, कारण राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. "राजे" म्हणा, "महाराज" म्हणा. "पावनखिंड" हेही नाव चालणार नाही. बाजीप्रभू पडेपर्यंत ती घोडखिंडच होती. बोलण्यातले फारसी शब्द मात्र गाळू नका. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला तो राज्याभिषेकानंतर, म्हणजे १६६० चा हवालदार हुजूर, फौज, जखमी, खबर हेच शब्द बोलणार. शुद्ध संस्कृतप्रचुर मराठीत डरकाळी फोडणारा मावळा मला नेहमी शाळेच्या गॅदरिंगमधून आल्यासारखा वाटतो.

तारखेची अजून एक गंमत आहे आणि ती मला फार उशिरा कळली. आपण मोहीम १२-१३ जुलैला काढतो. पण ती तारीख जुन्या, ज्युलियन पंचांगातली आहे. सतराव्या शतकात हे पंचांग आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. त्या रात्री आषाढ पौर्णिमा होती, आजच्या हिशोबाने २२ जुलै. तेव्हा रात्रीचा उजेड आणि पाऊस खरा अनुभवायचा असेल तर गुरुपौर्णिमेची रात्र धरा. आषाढात ढगाआडून येणारा चंद्रप्रकाश म्हणजे मिट्ट काळोख नव्हे. दहा पावलांवरचा माणूस आकृतीसारखा दिसतो, चेहरा दिसत नाही. अमावास्येच्या आसपास बॅटऱ्या लावून चाललात तर हे कधी कळणारच नाही.

पाऊस आला की आणखी एक वस्तू गळते: बंदूक. तोड्याची बंदूक त्या काळात भरपूर होती, पण तिला पेटता तोडा (वात) आणि कोरडी दारू लागते. आषाढातल्या त्या रात्री, भर पावसात, पळत्या माणसाच्या खांद्यावर ती जवळजवळ लाकडाचा ओंडका. आमच्यातल्या एकाने हौसेने बंदूक बनवून घेतली होती. त्याला हे सांगितलं तेव्हा तो महिनाभर बोलत नव्हता. शेवटी ती आम्ही पन्हाळ्याच्या वेढ्याच्या प्रसंगात वापरली. तिथे ती शोभते.

पुराव्याची वही

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक पान. वर वस्तूचं नाव, खाली "कशावरून?" आणि उत्तर. उत्तराच्या शेवटी तीनपैकी एक शब्द: "आहे", "असावं" किंवा "सोय". पुरावा थेट सापडला तर "आहे". आजूबाजूच्या गोष्टींवरून तर्क केला तर "असावं". आजच्या माणसाला गरज म्हणून ठेवलं तर "सोय". चष्मा, औषधं, पिशवीत लपवलेली पाण्याची बाटली, ही सगळी सोय. सोय असण्यात लाज नाही. सोयीला "आहे" म्हणण्यात आहे.

उत्तरं कुठे शोधायची? आपल्या इतिहासकारांनी हे काम शंभर वर्षांपूर्वीच लावून दिलंय. अस्सल कागद आधी, मग शकावली (सालवार नोंदी), मग बखर, मग पोवाडा आणि दंतकथा. सभासदाची बखर १६९४ ची, म्हणजे या रात्रीनंतर चौतीस वर्षांनी लिहिलेली. तरीही फौजेची रचना समजायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. नाईक, त्यावर हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी ही उतरंड तिथूनच उचला, म्हणजे तुमच्या टोळीत कोण कोणाला हुकूम देतो हे पक्कं होईल. परमानंदाचं शिवभारत समकालीन आहे, पण ते काव्य आहे. त्यातली शस्त्रांची नावं संस्कृत रूपात येतात, ती तशीच उचलून तोंडी घालू नका.

चित्रं जास्त कामाची. मनुची या इटालियन माणसाने मीर मुहम्मद नावाच्या चितारीकडून चित्रं काढून घेतली. त्यात घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आणि सोबत चालणारे शिपाई आहेत. ते चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराजांकडे सगळेच पाहतात. तुम्ही त्या पायी चालणाऱ्यांकडे पाहा. डोक्याला काय, कमरेला काय, पाय उघडे की झाकलेले. आम्ही त्याची मोठी प्रत काढून भिंतीवर लावली आणि एक संध्याकाळ फक्त कमरबंद पाहण्यात घालवली.

वस्तूंसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, साताऱ्याचं संग्रहालय, इथे जा आणि वहीत लांबी-रुंदी उतरवा. पण काचेमागे आहे म्हणजे झालं, असंही नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्यात आली तेव्हा दर्शनाला रांगा लागल्या. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून पुढे आलेली, त्याच्याच नावाचा मजकूर पेटीवर कोरलेला. पण अफजलखानाच्या वेळी वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयाचंच म्हणणं. एवढं मोठं संग्रहालय हे सरळ सांगतं, तर आपल्याला "असावं" लिहायला जड का जावं?

टीव्ही मालिका, सिनेमा, कॅलेंडरवरची चित्रं हा पुरावा नाही, ही गोष्ट सांगावी लागू नये. सांगावी लागते. आणि सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो पेशवाई शिवकालात घुसवण्याचा. मराठी वेश म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं पुष्कळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आहे. पुणेरी पगडी, वाड्यांतल्या भिंतीचित्रांतले अंगरखे, ढोलपथकातला जरीकाठी फेटा आणि त्याचा वीतभर तुरा, यातलं काहीच बांदलाच्या गड्याला १६६० त चालायचं नाही.

कापड

मागावरचं, हातसुताचं सुती कापड घ्या. खादी भांडारातली जाड खादी चालते. तिचा पन्हा (रुंदी) आजच्या गिरणीच्या कापडापेक्षा अरुंद असेल तर आणखी चांगलं, कारण अरुंद पन्ह्याला जोड द्यावे लागतात आणि ते जोडच कपड्याला जुनेपण देतात. टेरिकॉट, सॅटिन, मखमल ही तीन नावं यादीतून काढून टाका.

शिवण्याचं यंत्र एकोणिसाव्या शतकातलं. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या तर मी काही बोलणार नाही (वहीत "सोय" लिहा), पण गळा, बाहीची कड, खालची दुमड, जिथे डोळा जातो तिथे हाताने टाका घाला. बटण नाही, चेन नाही, इलॅस्टिक तर नाहीच. वर बंदांची बंडी किंवा आखूड अंगरखा, खाली नाडीचा गुडघ्यापर्यंतचा चोळणा. बंद कापडाचेच, पिळून शिवलेले. त्या काळच्या चित्रांत हिंदू माणसांचे बंद डावीकडे आणि मुसलमानांचे उजवीकडे बांधलेले दिसतात. शिंप्याला हे आधी सांगा, कारण सवयीने तो उलटं करतो. बाराबंदी (बारा बंदांची बंडी) अजून जिवंत कुठे पाहायची असेल तर सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या अंगावर पाहा. बंद कसे बसतात, हात वर केला की बगलेत कापड कुठे ओढतं, हे तिथे कळतं. मात्र आज ती तिथे आहे म्हणून १६६० त घोडखिंडीत होती, असं होत नाही. वहीत "असावं".

रंगाचं प्रकरण जरा बैजवार सांगतो, कारण लांबून पाहणाऱ्याला सगळ्यात आधी रंगच खटकतो. रासायनिक रंग १८५६ नंतरचे. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, हळद, कात, हिरडा, करडईची फुलं, काव. दिव्याखाली चमकणारा आजचा भगवा त्या रात्री कोणाच्याही अंगावर असणं शक्य नाही. काव चोळलेलं कापड मातकट तांबूस दिसतं, धुतलं की फिकं पडतं, आणि डोळ्याला फार सुंदर लागतं. गड्याचे कपडे तर बहुतेक पांढऱ्याचे मळके झालेले किंवा गडद. गडद राखाडी घरी करता येतो:

जुन्या लोखंडाचे तुकडे, खिळे, घोड्याचे नाल जे मिळेल ते मातीच्या मडक्यात टाका, वर पाणी आणि मूठ-दोन मुठी गूळ. तोंडाला फडकं बांधून पंधरा दिवस ठेवा. वास सुटेल, फेस येईल, घरच्यांशी भांडण होईल. दरम्यान खादी रिठ्याच्या पाण्यात उकळून तिची खळ काढा. अर्धा किलो कापडाला शंभर ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात बुडवा, सकाळी न पिळता सावलीत वाळवा. ते पिवळट दिसेल. आता मडक्यातलं पाणी गाळून घ्या आणि कापड त्यात बुडवा. हा क्षण पाहण्यासारखा: पिवळं कापड डोळ्यांदेखत राखाडी आणि मग जवळजवळ काळं होत जातं. तीन-चार मिनिटांत बाहेर काढा आणि वाहत्या पाण्यात धुवा. जास्त वेळ ठेवलंत तर लोखंड सूत खातं; माझा पहिला चोळणा दुसऱ्याच चढणीला मांडीवर फाटला, तो असा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

डोक्याला मुंडासं. सात-आठ हात लांब साधं पातळ कापड, स्वतःच्या हाताने गुंडाळलेलं, थोडं वाकडं. तयार शिवलेलं टोपीसारखं मुंडासं लांबूनही ओळखू येतं, कारण ते घामाने भिजून खाली सरकत नाही. बांधायला आठवडाभर रोज सराव करा. फेडलं की तेच कापड दोर होतं, जखमेला पट्टी होतं, भाकरी बांधायला होतं.

पायात कातडी वहाणा, खिळा आणि रबर नसलेल्या. पण ओल्या कातळावर गुळगुळीत कातडं साबणासारखं सरकतं. मसाई पठारापर्यंत काही वाटत नाही, पुढच्या चिखलाच्या उतारांवर कळतं. पन्नास-साठ किलोमीटरची वाट आहे. आमचा नियम: चालताना आजचे बूट, प्रसंगाच्या जागी वहाणा किंवा अनवाणी. घोटा मोडून घेण्यात काहीही ऐतिहासिक नाही.

घड्याळ, अंगठी, मनगटावरचा रंगीत बँड काढा. घड्याळाचा गोरा पट्टाही दिसतो. तिथे माती चोळा. दाढीच्या कडा वस्तऱ्याने आखून घेतलेल्या नकोत. कपाळावर ठशाने उमटवलेली चंद्रकोर तर मला पाहवत नाही. गंध लावायचं तर बोटाने लावा.

घोंगडी

आषाढातल्या मावळ्याचं खरं चिलखत हे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, सणगरांच्या मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. नवी असते तेव्हा उभी ठेवली तर उभी राहते आणि टोचते. आता बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच घोंगड्यांत दुसरा धागा मिसळलेला असतो. घेताना कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरडली की राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला टणक मणी धरतो. विकणारा ही परीक्षा करू देत नसेल तर पुढच्या दुकानी जा.

पावसात ती अंगावर घेत नाहीत, तिची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडतात, जशी भातलावणीला अजून कुठे कुठे दिसते. पाणी पाठीवरून ओघळून जातं. दोन तासांनी मात्र ती भिजते आणि वजन असं चढतं की मान धरते. मग लढाईत तिचं काय करायचं? काढून टाकायची की डाव्या हाताला गुंडाळून ढालीसारखी वापरायची? आम्ही दोन्ही करून पाहिलं. ओली घोंगडी हाताला गुंडाळली की हात उचलतच नाही. वहीत घोंगडीच्या पानावर मी लिहिलंय: "खिंडीत पोचल्यावर टाकली असावी." हे कुठल्या कागदात नाही, पण आमच्या खांद्यांना माहीत आहे. या छंदाचा पुस्तकापेक्षा वेगळा उपयोग असेल तर तो एवढाच.

हत्यार

विटा (दोरी लावलेला भाला), भाला, तलवार, ढाल, गोफण. गोफण शेतकऱ्याची, फुकटातली, आणि डोंगरी माणसाच्या कमरेला शोभणारी. फक्त बांधून ठेवा; प्रेक्षकांसमोर फिरवायचीही नाही.

दांडपट्टा घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. मर्दानी खेळात तो डोळे दिपवतो, पण ते प्रदर्शन आहे. लिंबू कापणं, नारळ फोडणं हे कसब. खिंडीतली गर्दी वेगळी. लवचिक पात्याच्या पट्ट्याला चारी बाजूंनी दहा-बारा फूट मोकळी जागा लागते. चाळीस माणसांच्या रेटारेटीत तो हातात घेणाऱ्याला मी टोळीतून बाहेर उभा करतो. वस्तादाकडे वर्षभर शिकला असेल तर त्याला एकट्याला, मोकळ्या जागी, वेगळा प्रसंग द्या.

तलवार घेताना चकाकी पाहू नका, मूठ हलवून पाहा. शोभेच्या तलवारीत पात्याच्या मागे बोटाएवढी सळई वेल्ड केलेली असते. तिसऱ्या-चौथ्या टकरीला ती तुटते आणि पातं प्रेक्षकांत जातं. सराव-लढाईसाठी स्प्रिंग स्टीलचं पातं, अखंड शेपटी (पात्याचा मुठीत जाणारा भाग), कड दोन-तीन मिलिमीटर जाड, टोक गोल. युरोप-अमेरिकेतल्या या छंदाच्या लोकांचा बराच माल डेहराडूनकडून जातो, तेव्हा असं पातं देशात मिळत नाही ही सबब चालणार नाही. जुन्या पद्धतीत पात्याची शेपटी मुठीत राळ किंवा लाख ओतून बसवतात. पद्धत अस्सल आहे, पण सततच्या टकरीने राळ तडकते. दर सरावाआधी पातं धरून मूठ पिळून पाहा. किंचित जरी हललं तरी त्या दिवशी ती तलवार म्यानात.

मूठ हातात घेतलीत की एक गोष्ट जाणवेल: ती लहान वाटते. चार बोटं जेमतेम मावतात आणि मागची चकती मनगटाला टोचते. पुष्कळ जण म्हणतात, पूर्वीची माणसं लहान चणीची होती. तसं नाही. ही मूठ मनगट वाकवून भोसकण्यासाठी नाहीच. कोपर आणि खांद्यातून वार ओढा, पातं कापत मागे येऊ द्या. चकती टोचायची थांबते. हत्यारच तुम्हाला त्याची चाल शिकवतं. सिनेमातल्यासारखं पात्यावर पातं आपटत राहिलात तर मनगटही सुजेल आणि दृश्यही खोटं वाटेल. वार अडवायला ढाल आहे.

ढाल म्हशीच्या कातड्याची मिळाली तर उत्तम. नाही तर प्लायवूडवर कातडं चढवा, धातूची चार फुलं ठोका, मागे दोन कड्यांना वाद्या आणि मुठीखाली कापसाची गादी. ही गादी विसरू नका, नाहीतर बोटांची सालं निघतील.

ठरलेले वार आणि थांबण्याची खूण

आधी कूर्मगतीने, मग निम्म्या वेगाने, मग पाऊण वेगाने. पूर्ण वेगाने कधीच नाही. पाऊण वेग प्रेक्षकाला पूर्णच दिसतो. जोड्या ठरलेल्या, वार ठरलेले, खांदा आणि मांडी एवढ्याच जागा. तोंडाकडे टोक नाही, पडलेल्यावर वार नाही. थांबण्याची खूण शिट्टीची ठेवा. आम्ही पहिल्यांदा "थांब!" ठेवलं होतं आणि पन्नास जणांच्या "हर हर महादेव" मध्ये ते कोणालाच ऐकू गेलं नाही. एकाच्या भुवईला तीन टाके पडले. शिट्टी १६६० ची नाही. सोय.

मरायचंही ठरवून ठेवा. कोण कधी पडणार, कुठे पडणार, दगड आहे की गवत. पडल्यावर डोकं हातात झाकून घ्यायचं. पडलेला माणूस मोबाइल काढतो तेव्हा अख्ख्या खिंडीचा खेळ होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

समोरचे कोण?

इथे आपण सगळ्यात जास्त घसरतो. विजापूरकरांची फौज म्हणजे हिरवे कपडे, काजळ घातलेले डोळे आणि राक्षसी हसू, हे ठरूनच गेलंय. गणवेश कोणाकडेच नव्हता. आदिलशाही फौजेत मराठे होते, आणि दोन्हीकडचा साधा शिपाई थोड्याफार फरकाने सारखाच दिसत असणार. आपल्या बाजूने नेताजी पालकरांबरोबर पन्हाळ्याचा वेढा फोडायला धावलेला सिद्दी हिलाल होता. तर वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या छावणीत राजापूर वखारीचा रेव्हिंग्टन इंग्रजी निशाण आणि तोफ घेऊन आला होता. त्याची किंमत इंग्रजांनी पुढच्या वर्षी राजापुरात मोजली. इतकं चवदार सत्य हातात असताना हिरवा-भगवा खेळ कशाला?

प्रेक्षकांना दोन बाजू कळाव्यात म्हणून आम्ही एका बाजूच्या दंडाला फडकं बांधतो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की ही फडकी सोयीची आहेत. सिद्दी मसऊदच्या माणसांचं काम आमच्याकडे आळीपाळीने प्रत्येकाला करावं लागतं. रात्रभर पाठलाग करून थकलेला, चिखलाने माखलेला, खिंडीत अरुंद वाटेवर पुढे ढकलला जाणारा माणूस एकदा झालात की बाजीप्रभूंनी ती जागा का निवडली हे नकाशाशिवाय समजतं.

शिदोरी

नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कांदा, मीठ, गूळ, लाह्या. बटाटा, टोमॅटो, साबुदाणा आणि चहा नाही. मिरचीवरून आमच्यात दरवर्षी भांडण होतं. ती पोर्तुगिजांनी आणलेली, एवढ्यावर एकमत आहे. पाणी भोपळ्याच्या तुंब्यात किंवा पितळी लोट्यात. तुंबा आतून नीट वाळवलेला नसेल तर पाणी कडू होतं.

परवानग्या

कंटाळवाणं आहे पण टाळू नका. पन्हाळा, रायगड, शिवनेरी यांसारखे गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे कार्यक्रमाला लेखी परवानगी लागते, आणि २०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून लक्षही वाढलंय. भिंतीला दोर बांधणं, दगडात खुंटी ठोकणं, जोत्यावर शेकोटी, यातलं काहीही नाही. जंगलातून वाट जात असेल तर वनविभागालाही कळवा. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमाव आणि शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात. "धार नाही हो साहेब" हे नाक्यावर रात्री दोन वाजता सांगण्यापेक्षा, आठ दिवस आधी ठाण्यात जाऊन नावांची आणि हत्यारांची यादी द्या आणि पोच घ्या. हत्यारं नेताना म्यानात, कापडात गुंडाळून, एकाच गाडीत. मोटरसायकलवर पाठीला तलवार लावून फोटो काढणाऱ्याला आम्ही घेत नाही. दारूकामाच्या वाटेला स्वतः जाऊ नका. तोफेचा आवाज हवा असेल तर परवाना असलेल्या माणसाकडून, प्रेक्षकांपासून लांब.

परत आल्यावर

तलवारीवर बोटांचे ठसे राहिले की आठवड्यात तिथे गंज धरतो. त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवा. ओलं पातं म्यानात घालू नका. कातडी म्यान पाणी धरून ठेवतं आणि पातं आतून खातं. वहाणा उन्हात नको, सावलीत, आत कागद कोंबून. कपडे धुवा पण घाईने इस्त्री करू नका. सुरकुत्या मिळवायला तुम्ही साठ किलोमीटर चालला आहात.

घोंगडी दोन-तीन दिवस झाडाखाली पसरून ठेवा, मधूनमधून झटका. पूर्ण सुकली की कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवा. डांबर गोळ्या टाकू नका. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने टाकल्या होत्या. आषाढातली रात्र, ढगाआड चंद्र, चिखलात दबकत चाललेली टोळी, आणि पुढच्या गड्याच्या खोळीतून येणारा आजीच्या कपाटाचा वास.

त्याच्या वहीत घोंगडीच्या पानावर आता कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "कशावरून?"